बेनीकाकांचे साठ टक्के

मी काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. 'हृदयाची सोनोग्राफी करते' असं मी सांगायचे, आणि त्या कल्याण पूर्वेच्या आमच्या अख्ख्या चाळीत 'आमची शैला बाळंतपणाच्या दवाखान्यात आहे' असं सांगून मोकळ्या व्हायच्या. दोन-तीन बायका खरंच नंबर लावायला आलेल्या.

मी इको टेक्निशियन होते. आधी डोंबिवलीच्या एका सेंटरमध्ये आणि नंतर रिटायर होईपर्यंत ठाण्यात, माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये. अंधारी खोली, एसी, डाव्या कुशीवर वळलेला पेशंट, छातीवर थंडगार जेल. मशीनला वायरने जोडलेला प्रोब बरगड्यांच्या फटीत टेकवायचा की स्क्रीनवर त्या माणसाचं हृदय उघडमीट करताना दिसतं. कप्पे मोजायचे, झडपा बघायच्या, रक्त कुठून कुठे जातंय ते रंगांत बघायचं. वीस मिनिटांचं काम. शेवटी सगळे आकडे डॉक्टरांपुढे ठेवायचे. रिपोर्ट डॉक्टर देणार, सही डॉक्टरांची. पेशंटला आपण काही सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

पण पेशंट स्क्रीनकडे बघतच नाहीत. त्यांना त्यातलं काही कळत नाही. ते आमच्या तोंडाकडे बघतात. त्यामुळे तोंड सरळ ठेवायला शिकावं लागतं. मी जेवणाच्या डब्यात काय आणलंय याचा विचार करत बसायचे, म्हणजे चेहरा आपोआप कोरा राहायचा.

आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. "मॅडम, पंपिंग किती आहे?"

हे पंपिंग म्हणजे काय, ते सांगते. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा हा मुख्य. फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त त्यात भरतं, आणि कप्पा आवळला की ते अंगभर जायला बाहेर पडतं. भरलेल्यातलं शंभरपैकी किती बाहेर पडलं, ते पंपिंग. धडधाकट माणसाचंसुद्धा शंभर नसतं. साठ म्हणजे उत्तम. पण साठ हा आकडा ऐकला की लोकांना दहावीचे मार्क आठवतात. डोंबिवलीला एक रिटायर्ड गृहस्थ यायचे. एकदा पंचावन्न आलं तर मला हळूच म्हणाले, "मुलाला अमेरिकेत पाठवायचाय रिपोर्ट. साठ करता येईल का? राउंड फिगर होईल." मी म्हटलं, "काका, भाजी घेताय का?" तर म्हणाले, "विचारायला काय हरकत आहे?"

असल्या गमतीजमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसले की मला बेनीकाका आठवतात, आणि मग मी पेन खाली ठेवून घरात दोन चकरा मारते.

बेनेडिक्ट त्यांचं नाव. माजिवड्याच्या बाजूला जे जुनं ख्रिस्ती गावठाण आहे तिथले. पूर्वी त्यांची भातशेती होती, ती टॉवरखाली गेली. काकांनी कंपनीत नोकरी केली, ती कंपनी बंद पडली. राहिला तो बँड. लग्नात, सणाला, कधी मयतालाही ते क्लॅरनेट वाजवायचे. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा, साठीच्या आत-बाहेरचं वय. पहिल्यांदा आले ते डोळ्यांमुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू आला म्हणून त्यांनी इको करून आणायला सांगितलं.

"नोटेशनचा कागद दिसत नाय, बाय," ते मला म्हणाले. "प्रॉब्लेम डोळ्याचा आणि फोटो काढताय काळजाचा. हे कसलं लॉजिक?"

मी प्रोब टेकवला आणि डब्याचा विचार करायला लागले. कारण स्क्रीनवर जे दिसत होतं ते बरं नव्हतं.

वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये एक झडप असते. दोन पाकळ्यांची. रक्त वरून खाली येऊ द्यायचं आणि कप्पा आवळला की घट्ट मिटून घ्यायचं, एवढंच तिचं काम. पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात, छत्री उलटी होऊ नये म्हणून असाव्यात तशा. काकांच्या झडपेची एक दोरी तुटलेली होती. कप्पा आवळला की एक पाकळी वर उलटी फडफडायची, आणि रक्ताचा हिरवा-निळा फवारा उलट वरच्या कप्प्यात, फुप्फुसांच्या दिशेने जायचा. जोरात लीक होतं ते.

मी आकडे घेतले. पंपिंग त्रेसष्ट.

त्या दिवशी बाहेर चौदा पेशंट बसलेले. एसी बंद पडलेला. एक बाई दारावर टकटक करून तिसऱ्यांदा विचारत होती की तिचा नंबर कधी. काका उठून शर्टाची बटणं लावत म्हणाले, "कसा आहे पंप?"

मला नियम माहीत होता. मी काही बोलायला नको होतं, किंवा बोलायचं तर सगळं बोलायला हवं होतं. मी त्यातलं सोपं तेवढं बोलले. म्हटलं, "पंपिंग मस्त आहे काका. साठच्या वर."

"फर्स्ट क्लास!" ते म्हणाले, आणि खूश होऊन बाहेर गेले.

आमच्या सामंत मॅडम, म्हणजे हॉस्पिटलच्या हृदयाच्या डॉक्टर, त्यांनी रिपोर्टमध्ये सगळं नीट लिहिलं होतं. काकांना समोर बसवून सांगितलंही की झडप जोरात लीक आहे, आज घाई नाही, पण सहा महिन्यांनी परत इको करायचाच. काकांनी मान डोलावली. पण माणूस काय घेऊन घरी जातो हे त्याचं तोच ठरवतो. काका माझं वाक्य घेऊन गेले.

मोतीबिंदू निघाला. सहा महिने झाले, वर्ष झालं, काका आले नाहीत. खरं सांगायचं तर मीही विसरले. दिवसाला वीस-पंचवीस हृदयं बघणाऱ्या बाईला कुठलं एक लक्षात राहणार.

मग दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी मी कल्याणच्या बसची वाट बघत माजिवड्याला उभी होते. पलीकडच्या बाजूला एका हॉलच्या दारात लग्नाचा बँड वाजत होता. पांढरे शर्ट, लाल टाय. मिशांवरून मी काकांना ओळखलं. बारीक झाले होते, शर्ट खांद्यावर लटकत होता. बाकीचे वाजवत होते आणि ते क्लॅरनेट छातीशी धरून हॉलच्या रेलिंगला टेकलेले. चार ओळी वाजवायचे, थांबायचे. पुन्हा दोन ओळी वाजवायचे, थांबायचे. तोंड उघडं. मी ज्या अंतरावर उभी होते तिथूनसुद्धा खांदे वरखाली होताना दिसत होते.

मला पाहिल्यावर त्यांनी हात वर केला. रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "ओ बाय! साठच्या वर!" आणि अंगठा दाखवला.

मी हसले. मीही हात वर केला. तेवढ्यात बस आली आणि मी चढले.

रस्ता ओलांडायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. बस गेली असती तर वीस मिनिटांनी दुसरी होती. मी खिडकीशी बसले आणि कशेळीच्या पुलापर्यंत मला काही सुचेना. ते खांदे डोळ्यांपुढून जात नव्हते. घरी भाकऱ्या करताना दोन करपल्या. नवरा म्हणाला, "कोणाशी भांडलीस का?" मी म्हटलं, "कोणाशी नाही." मग म्हटलं, "एक माणूस माझ्यामुळे आजारी आहे." तो म्हणाला, "तुझ्यामुळे कसा असेल? तू फक्त फोटो काढतेस." त्याला समजवायला गेले तर मलाच नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी जुनं रजिस्टर काढलं. टेक्निशियनने पेशंटला फोन करायचा नसतो. मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून केला. फोन त्यांच्या बायकोने, सिसिलियाकाकूंनी उचलला.

मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "काका झोपतात कसे?"

मग त्या म्हणाल्या, "तीन उश्या लागतात. कधी कधी बसूनच झोपतात. अ‍ॅसिडिटी आहे म्हणतात. तुमाला कुणी सांगितला?"

आडवं पडल्यावर धाप लागते म्हणजे फुप्फुसांत रक्त तुंबतंय. "त्यांना घेऊन या," मी म्हटलं. "उद्याच या."

काका आले ते वैतागलेले. माझ्याशी धड बोलले नाहीत. कुशीवर वळताना धाप लागली ती लपवायला खोकल्याचं सोंग केलं. काकू या वेळी खोलीतच, स्टुलावर बसल्या. मी प्रोब टेकवला. फवारा आता आधीपेक्षा रुंद होता. खालचा कप्पा फुगला होता. आवळल्यावरसुद्धा जो आधी छत्तीस मिलिमीटरपर्यंत यायचा तो आता पंचेचाळीसच्या खाली येत नव्हता. मी तीन वेळा मोजलं.

"पंपिंग?" काकांनी विचारलं.

"सत्तावन्न."

"सहाच मार्क कमी," ते काकूंकडे बघून म्हणाले. "बोललेलो ना? हे लोक उगाच घाबरवतात."

मी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"काका, हे बघा. हा तुमचा मुख्य कप्पा. आता आवळतोय. रक्त कुठे जायला हवं? इकडून, अंगात. थोडं जातंय. आणि हे सगळं हिरवं-निळं कुठे चाललंय?"

ते बघत राहिले. "वर."

"वर. जिथून आलं तिथेच परत. मशीन काय मोजतं, कप्प्यात किती होतं आणि किती बाहेर पडलं. कुठल्या दारातून बाहेर पडलं ते त्या आकड्यात येत नाही. सत्तावन्न बाहेर पडलं खरं, पण त्यातलं निम्म्याच्या आसपास उलटं गेलं. अंगाला मिळालं ते उरलेलं. आणि उलटा जायचा रस्ता सोपा असतो, काका. तिकडे प्रेशर नसतं. दमलेलं हृदयसुद्धा त्या बाजूला सहज ढकलतं, म्हणून आकडा चांगला दिसतो. परत आलेलं रक्त पुढच्या ठोक्याला पुन्हा खाली येतं, कप्पा जास्त भरतो, ताणतो, मोठा होतो. दोन वर्षं तुमचं हृदय दुप्पट काम करतंय."

काकांनी बराच वेळ त्या फवाऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "म्हंजे ते त्रेसष्ट खोटं होतं?"

"खोटं नव्हतं. मी तुम्हाला अर्धं सांगितलं."

सामंत मॅडम दारात उभ्या होत्या. कधी आल्या मला कळलंच नाही. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी फक्त स्क्रीनवरचे आकडे वाचले आणि काकांना म्हणाल्या, "ऑपरेशन लागेल. लवकर. उशीर झालाच आहे, अजून करू नका."

"सीझन आहे मॅडम," काका म्हणाले. "जानेवारीपर्यंत सुपाऱ्या घेतल्यात. आणि छाती फाडल्यावर वाजवणार कसा मी? सत्तावन्न हाय ना अजून."

काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी टिश्यू घेऊन काकांच्या छातीवरचं जेल पुसायला सुरुवात केली, अगदी जोरजोरात, भांडं घासावं तसं. "दोन वर्सं मना अ‍ॅसिडिटी सांगितला," त्या म्हणाल्या. "रोज रात्री मी बसून बघते श्वास चाललाय का नाय. आता तू जानेवारीपर्यंत वाजव. मी माहेरी जाते. मयताचा बँड पण तूच वाजव."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात मुंबईला झालं. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्त झाली. तुटलेल्या दोरीच्या जागी नवी दोरी, भोवती रिंग. मला बातमी कळली तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

दीड महिन्याने ते तपासणीला आले. छातीवर उभा व्रण, चालणं हळू, पण झोपताना धाप नाही. मी प्रोब टेकवला. फवारा गेला होता. झडप मिटत होती, दार लावावं तशी. इतकं सुंदर दिसत होतं की मी डब्याचा विचार करायला विसरले.

मग मी पंपिंग मोजलं. एक्केचाळीस.

मला हे माहीत होतं. पुस्तकात असतं, मॅडमनी शिकवलेलं होतं. उलटी जायची वाट बंद झाली की हृदयाला सगळं रक्त अंगाच्या दिशेने, पूर्ण प्रेशरविरुद्ध ढकलावं लागतं. तेव्हा त्याची खरी ताकद किती उरलीय ते दिसतं. वेळेवर ऑपरेशन झालं तर आकडा थोडाच पडतो. उशीर झाला तर जास्त पडतो. माहीत असूनही मी पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

"किती?" काका म्हणाले.

मी डॉक्टर सांगतील म्हणू शकले असते. "एक्केचाळीस," मी म्हटलं.

ते उठून बसले. जेल पोटावर ओघळत होतं. "त्रेसष्ट घेऊन आलेलो मी इथं. माझ्या पायांनी. मोतीबिंदूसाठी. छाती फाडली, एवढे दिवस आयसीयूत झोपलो, आणि एक्केचाळीस? ही दुरुस्ती? भंगारवाल्याकडे गेलो असतो तर बरा होता!"

काकू म्हणाल्या, "अरे, सावकाश."

"काय सावकाश! ही बोलली रिपेर करा. ही बोलली!" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. मी दार लावलं. मला रडायला येत होतं आणि ते लपवायला माझ्याकडे डबा उरला नव्हता. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काका, झडप नवी झाल्यासारखी आहे. आता जे एक्केचाळीस जातंय ते सगळं तुमच्या अंगात जातंय. आधीच्या त्रेसष्टातलं एवढं जात नव्हतं. पण हृदय थकलंय हेही खरं. ते थकत होतं तेव्हा मी तुम्हाला पंपिंग मस्त आहे म्हटलं. लीक मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. बाहेर गर्दी होती, मी सोपं तेवढं बोलले. नंतर माजिवड्याला तुम्ही रेलिंगला टेकलेले दिसलात तेव्हासुद्धा मी बस पकडली."

काकूंनी माझ्याकडे वळून बघितलं. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

काकांनी पोटावरचं जेल हाताने पुसलं. मग त्यांनी विचारलं, "पहिल्याच दिवशी सगळा बोलली असतीस, तर मी ऐकला असता?"

मला सोपं तेवढं बोलायची सवय तोवर मोडली होती. "माहीत नाही, काका."

"मला पण नाय माहीत," ते म्हणाले. शर्टाची बटणं लावायला घेतली. एक बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. "डॉक्टरीण बोलली होती तेव्हा. मी होय होय बोललो. मला लग्नाच्या सुपाऱ्या दिसत होत्या."

त्यानंतर मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, झडप लीक असेल त्या रिपोर्टमध्ये पंपिंगच्या आकड्याखाली मराठीत एक ओळ टाकूया, की हा आकडा लीकसकट आहे, यावर निर्धास्त राहू नये. त्या म्हणाल्या, "रिपोर्टचं फॉर्मॅट माझ्या हातात नाही, शैला." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेनने लिही. मी खाली सही करते." तशा आम्ही बऱ्याच ओळी लिहिल्या. मी रिटायर झाल्यावर कोणी लिहितं की नाही, माहीत नाही.

औषधं चालू राहिली. फिजिओथेरपी, गावठाणातल्या गल्लीत रोजचं चालणं. आठ-नऊ महिन्यांनी पंपिंग सत्तेचाळीस झालं. तिथून ते हललं नाही. मॅडम म्हणाल्या, यावर माणूस छान जगतो. काका म्हणाले, "ठीक. सेकंड क्लास."

मी रिटायर झाले त्या महिन्यात काकूंचा फोन आला. रविवारी संध्याकाळी बँडची प्रॅक्टिस आहे, आमच्या अंगणात, या. मी गेले. सहा-सात जण खुर्च्या मांडून बसलेले, मध्ये काका. गाण्याची मुख्य चाल आता दुसऱ्यांकडे होती, काकांकडे साथीची, खालची सुरावट. सिसिलियाकाकू आणि मी ओट्यावर चहा घेऊन बसलो.

जुन्या चालीचं लग्नाचं गाणं होतं. पूर्वी काका त्यातली अख्खी ओळ एका दमात काढायचे, असं काकू म्हणाल्या. आता ते मध्ये थांबत होते, श्वास घेत होते आणि पुढे जात होते. शेजारचा सॅक्सोफोनवाला त्यांच्यासाठी जरा रेंगाळायचा. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिसऱ्या गाण्याला ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. क्लॅरनेट मांडीवर ठेवलं. काकूंचा कप बशीवर वाजला.

"आजारी होता तेव्हा मी झोपेत बघायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता बरा झालाय तर जागेपणी बघते. वाजवताना थांबला की मना वाटते, झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी तर आतून बघितलाय त्याला. होईल ना सगळा नीट?"

'होईल सगळं नीट' हे उत्तर ओठांवर आलं होतं. तीस वर्षं तेच तर देत आले होते मी, कधी शब्दांनी, कधी कोऱ्या चेहऱ्याने. मी ते गिळलं. त्यांचा हात हातात घेतला आणि समोर बघत राहिले.

काकांनी मान हलवून बाकीच्यांना वाजवत राहायला सांगितलं, रुमालाने मिशा पुसल्या, आणि क्लॅरनेट पुन्हा ओठांना लावलं.